अथेन्सची सोडत

इ. स. पू. ४११ च्या उन्हाळ्यात अथेन्सच्या सभागृहात ४०० माणसं कपड्यांखाली खंजीर लपवून शिरली. हाणामारीची वेळ आलीच तर हाताशी असावेत म्हणून १२० तरुणही सोबत होते. आत शहराचा रोजचा कारभार पाहणारं ५०० जणांचं मंडळ बसलेलं होतं. त्यांना सांगण्यात आलं, आपापला भत्ता घ्या आणि बाहेर पडा. मुदत संपायला अजून अवकाश होता, म्हणून उरलेल्या दिवसांचा भत्ताही कटवाल्यांनी बरोबर आणला होता. एकेक सदस्य बाहेर पडताना तो त्याच्या हातावर ठेवण्यात आला. कुणी ब्र काढला नाही. हा प्रसंग सांगणारा इतिहासकार थ्युसिडिडीस त्या मंडळाला दाण्याचं मंडळ म्हणतो, कारण त्याचे सदस्य कडधान्याच्या दाण्यांनी काढलेल्या सोडतीतून येत. याच्या थोडे दिवस आधी कटवाल्यांनी शहराबाहेर कोलोनस इथे जनसभा भरवली होती आणि लोकशाही गुंडाळण्याचा ठराव खुद्द त्या सभेकडूनच मंजूर करून घेतला होता. नवं सरकार कसं नेमायचं तेही तिथेच ठरलं. आधी पाच जण घ्यायचे, त्या पाचांनी शंभर निवडायचे आणि शंभरांतल्या प्रत्येकानं आपल्या पसंतीचे आणखी तिघं आणायचे. मतदान त्यांच्या आड आलं नाही, उलट कामाला आलं. आड येत होती ती सोडत, आणि तिच्यासाठी खंजीर लागले.

आज लोकशाही म्हटलं की मतपेटी आठवते. निवडणूक वेळेवर झाली की लोकशाही ठणठणीत, लांबली की आजारी, असा आपला साधा हिशेब आहे. ज्या शहरात या राज्यपद्धतीला तिचं नाव मिळालं, तिथल्या माणसाला हा हिशेब चमत्कारिक वाटला असता. निवडणूक त्याला ठाऊक होती आणि काही पदांसाठी तो ती वापरतही होता, पण ती घरंदाज आणि पैसेवाल्यांच्या राज्याला शोभणारी रीत आहे असं तो मानत असे. अ‍ॅरिस्टॉटलनं आपल्या राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात हे मत सरळ नोंदवलं आहे : पदं सोडतीनं भरणं हे लोकशाहीचं लक्षण, मतांनी भरणं हे मूठभरांच्या सत्तेचं. अ‍ॅरिस्टॉटल काही लोकशाहीचा भाट नव्हता, त्यामुळे ही साक्ष अधिकच वजनदार ठरते. अथेन्सच्या लोकशाहीचा उगम बहुमताच्या तत्त्वात शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही, असं मला वाटतं. बहुमतानं ठराव करणाऱ्या सभा ग्रीसमध्ये इतरत्रही होत्या; स्पार्टातही होती. अथेन्समध्ये जे नवं घडलं ते एका संशयी, व्यवहारी प्रश्नातून घडलं : सत्तेचं पद एखाद्या घरात कायमचं मुक्कामाला येऊ नये म्हणून काय करायचं? सोडत, फेरपालट आणि हिशेबतपासणी ही या प्रश्नाची तीन उत्तरं, आणि ती सुचायला त्या शहराला शंभर वर्षं ठेचकाळावं लागलं.

इ. स. पू. ५९४ मध्ये सोलोननं कर्जापायी गुलाम झालेल्या शेतकऱ्यांची सुटका केली, माणूस तारण ठेवून कर्ज देण्यावर बंदी घातली आणि नागरिकांचे कुळाऐवजी उत्पन्नानुसार चार वर्ग पाडले. उमराव घराण्यांची जन्मसिद्ध मक्तेदारी यानं सैल झाली, पण पदासाठीची चुरस वाढली. ‘अथेन्सची राज्यघटना’ हा अ‍ॅरिस्टॉटलच्या विद्यापीठात सिद्ध झालेला ग्रंथ शेकडो वर्षं हरवलेला होता. इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसवरून तो १८९१ मध्ये लंडनला छापला गेला, आणि त्यात सोलोननंतरची धुमाळी वाचायला मिळते. पाचव्याच वर्षी भांडणापायी आर्खोन, म्हणजे शहराचा मुख्य अधिकारी, निवडताच आला नाही. चार वर्षांनी पुन्हा तेच. पुढे दामासियास नावाचा एक गृहस्थ रीतसर निवडून आला आणि एका वर्षाच्या पदावर दोन वर्षं दोन महिने बसून राहिला. शेवटी त्याला बळानं उठवावं लागलं. त्यानंतर पेइसिस्ट्राटसनं सत्ता बळकावली आणि त्याच्यामागे त्याच्या मुलांनी ती चालवली. या घराण्यानं जुने कायदे मोडले नाहीत, फक्त पदांवर आपलं माणूस राहील एवढी काळजी घेतली, असं थ्युसिडिडीस सांगतो. त्याला दुजोरा देणारा आर्खोनांच्या यादीचा एक दगडी तुकडा अथेन्सच्या आगोरात, म्हणजे बाजारचौकात, सापडला आहे. त्यावरची अक्षरं झिजलेली आहेत, तरी हुकूमशहाचा मुलगा हिप्पियास आणि त्याच्या लगेच पाठोपाठ क्लेइस्थेनिस ही नावं अभ्यासकांनी लावली आहेत. पुढे लोकशाहीचा जनक म्हणून ओळखला गेला तोच हा क्लेइस्थेनिस. वर्षाचं पद होतं, दरवर्षी नवं नाव होतं, आणि सत्ता मात्र एकाच उंबऱ्याच्या आत होती. हे नाटक आतून पाहिलेला माणूस पुढे काय करतो हे म्हणूनच बघण्यासारखं आहे.

इ. स. पू. ५१० मध्ये स्पार्टाच्या सैन्यानं हिप्पियासला हाकललं आणि मैदान मोकळं होताच इसागोरस आणि क्लेइस्थेनिस हे दोन खानदानी पुढारी एकमेकांना भिडले. ५०८ मध्ये इसागोरस आर्खोन झाला. हरत चाललेल्या क्लेइस्थेनिसनं मग सामान्य लोकांना आपल्या बाजूला ओढलं. तेव्हा इसागोरसनं स्पार्टाचा राजा क्लेओमेनेस याला बोलावून घेतलं, क्लेइस्थेनिस परागंदा झाला आणि ७०० कुटुंबं हद्दपार करण्यात आली. पण शहराचं तेव्हाचं मंडळ बरखास्त करायला गेल्यावर मंडळानं ऐकलं नाही. शहर उठलं. क्लेओमेनेस आणि इसागोरस अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवर कोंडले गेले, आणि तिसऱ्या दिवशी स्पार्टन शिपायांना बोलणी करून खाली उतरावं लागलं. या उठावाच्या वेळी क्लेइस्थेनिस शहरात नव्हता हे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा एका ओळीत उरकतात. मला ती ओळ फार महत्त्वाची वाटते. लोकांनी आधी शहर सोडवलं आणि मग त्याला परत बोलावलं.

परत आल्यावर त्यानं केलेली सुधारणा वरवर पाहता जनगणना खात्याच्या कागदासारखी रुक्ष आहे. अथेन्सभोवतीच्या अत्तिका प्रदेशात १३९ गावं आणि वस्त्या होत्या. प्रत्येक नागरिकाचं नाव त्याच्या गावच्या यादीत चढलं. या गावांचे तीस गट केले : दहा शहराभोवतीचे, दहा किनाऱ्यावरचे, दहा आतल्या मुलखातले. प्रत्येक प्रकारातला एकेक गट घेऊन दहा नव्या जमाती बनवल्या आणि जुन्या चार रक्ताच्या जमाती राजकारणातून बाजूला सारल्या. म्हणजे डोंगराकडचा धनगर, बंदरावरचा कोळी आणि शहरातला कुंभार एकाच जमातीत आले. एकत्र लढू लागले, एकत्र देवाचा उत्सव करू लागले. प्रत्येक जमातीचे ५० याप्रमाणे ५०० जणांचं मंडळ झालं. एखाद्या उमरावाची आपल्या खोऱ्यातल्या कुळांवर जी पकड असे, ती या मांडणीत तीन ठिकाणी तुटत होती. क्लेइस्थेनिस यात निःस्वार्थी होता असं मानायचं कारण नाही. आपल्या अल्कमेओनिद घराण्याची सोय त्यानं पाहिली असावी अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे आणि ती रास्त आहे. पण स्वार्थी हातांनी बांधलेलं यंत्र बांधणाऱ्याच्या पोरांनाही जुमानत नाही, असं अथेन्समध्ये घडलं. वीसएक वर्षांत, इ. स. पू. ४८७ मध्ये, आधी निवडलेल्या उमेदवारांतून आर्खोन सोडतीनं ठरू लागले. ४६२ मध्ये एफिआल्टेस या पुढाऱ्यानं माजी आर्खोनांच्या जुन्या सभेचे बहुतेक अधिकार काढून घेतले. त्याचा लवकरच खून झाला, पण सुधारणा टिकली. ४५७ पासून मध्यम शेतकरीही आर्खोन होऊ लागला, आणि पेरिक्लीसनं न्यायपंचांना भत्ता सुरू केल्यावर हातावर पोट असलेल्या माणसालाही न्यायालयात बसणं परवडू लागलं.

हे यंत्र पुऱ्या वेगात आलं तेव्हा कसं चालत होतं ते तपशिलात पाहायला हवं, कारण त्यातलं शहाणपण तपशिलातच आहे. तिशी ओलांडलेल्या नागरिकाला मंडळावर येता येई, पण आयुष्यात दोनदाच. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक भागात एकेका जमातीचे ५० सदस्य मंडळाचं दैनंदिन काम पाहत. त्या पन्नासांतून रोज एक अध्यक्ष सोडतीनं निघे. एक रात्र आणि एक दिवस राज्याची मोहर आणि खजिन्याच्या किल्ल्या त्याच्याकडे राहत, आणि हा मान त्याला पुन्हा कधीच मिळत नसे. हिशेब केला तर मंडळातले दर दहांपैकी सात जण वर्षभरात कधी ना कधी एका दिवसाचे अथेन्सचे प्रमुख होत. याशिवाय बाजारातली वजनंमापं तपासणारे, धान्याचा भाव पाहणारे, रस्ते आणि बंदर सांभाळणारे असे सुमारे ६०० अधिकारी दरवर्षी सोडतीनं नेमले जात, बहुधा दहा-दहांच्या मंडळांत. मतांनी निवडले जाणारे सुमारे १०० : दहा सेनापती, आणि पुढच्या काळात पैशाच्या कारभारातली काही मोठी पदं. पेरिक्लीस सलग पंधरा वर्षं सेनापती म्हणून निवडून येत राहिला, आणि त्या काळात अथेन्सवर नावापुरती लोकशाही, खरं राज्य एका माणसाचं, असा शेरा थ्युसिडिडीसनं मारला आहे. अथेन्समध्ये एका माणसाचा इतका पगडा बसला तो निवडणुकीच्या पदावरून बसला, याची नोंद घ्यायला हरकत नाही.

न्यायालयांची सोडत तर यंत्रानंच काढली जाई. दरवर्षी ६००० नागरिकांची नावं न्यायपंच म्हणून नोंदली जात. चौथ्या शतकात प्रत्येकाकडे आपलं नाव आणि गाव कोरलेली कांस्याची पट्टी असे. अशा पट्ट्या थडग्यांतही सापडल्या आहेत, म्हणजे माणसाला ती मरतानाही सोबत हवी होती. सकाळी या पट्ट्या एका उभ्या फळीच्या खाचांत ओळीनं बसवत. फळीच्या बाजूच्या नळीतून काळे आणि पांढरे गोळे एकेक करून खाली येत. पांढरा आला तर ती आडवी ओळ आत, काळा आला तर ती ओळ घरी. नंतर आणखी एका सोडतीनं कोणी कोणत्या न्यायालयात बसायचं ते ठरे. २०१, ५०१ किंवा त्याहून मोठं पंचमंडळ उजाडल्यावर बनत असे आणि मावळताना संपत असे. एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर ‘अथेन्सची राज्यघटना’ देते. पायलॉसचं ठाणं हातचं गेल्यावर खटला भरला गेलेल्या अनितस नावाच्या सेनापतीनं पंचांना लाच देऊन सुटका करून घेतली, आणि अथेन्समध्ये तसं करणारा तो पहिला. कोणाला विकत घ्यायचं हेच सकाळपर्यंत कळलं नाही तर विकत घेणार कोणाला? पुढे सॉक्रेटिसवर खटला भरणाऱ्यांत हाच अनितस होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जुना आहे. सोडत म्हणजे देवाचा कौल, असं ग्रीक मानत. तेव्हा हा राजकीय शोध नव्हताच, ती श्रद्धा होती. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच इतिहासकार फ्युस्तेल द कुलांज यानं हा मुद्दा जोरात मांडला. पुरोहितांच्या नेमणुकीपुरता त्यात दम आहे. देवानं आपला सेवक आपणच निवडावा असं प्लेटोही म्हणतो. राज्याच्या पदांना मात्र हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. सोडतीत नाव निघालं की लगेच त्या माणसाची जाहीर चौकशी होई : आईबाप कोण, गाव कोणतं, आईवडिलांना नीट सांभाळतोस का, कर भरलेस का, लष्करी मोहिमांवर गेलास का. कोणीही उठून आरोप करू शके आणि नाव रद्द होऊ शके. देवानं निवडलेल्याची अशी उलटतपासणी कोण करील? शिवाय अ‍ॅरिस्टॉटलनं आर्केडियातल्या हेराइया या गावाची हकिकत दिली आहे. तिथे लोकांनी निवडणूक सोडून सोडत धरली, कारण खटपट करणारेच निवडून येऊ लागले होते. यात भक्तीचा लवलेश नाही. निवडणुकीचा पुरेपूर अनुभव घेतलेल्या माणसांचा हा वैताग आहे. महाराष्ट्रातही मतं सारखी पडली तर ईश्वरचिठ्ठी काढतात. २०१७ च्या मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागाचा निकाल असाच लागला. तिथे हजर असलेल्या कुणालाही परमेश्वर मतमोजणीत लक्ष घालतोय असं वाटलं नसेल. चिठ्ठीवर कोणाचा हात चालत नाही, एवढ्यासाठीच ती सगळ्यांना मान्य होते.

दुसरा आक्षेप सॉक्रेटिसचा, आणि तो अधिक बोचरा आहे. जहाजाचा सुकाणूदार किंवा घर बांधणारा गवंडी आपण दाणे टाकून निवडत नाही, मग राज्यकर्ता का निवडावा? प्रश्न बिनतोड वाटतो, कारण त्यात राज्यकारभार हा एकाच माणसाच्या हातचं कसब आहे असं गृहीत धरलेलं आहे. जिथे तसं कसब खरंच लागे, तिथे अथेन्सनं सोडत वापरलीच नाही. सेनापती मतांनी निवडले. बाकीची कामं वाटून, लहान करून, दहा-दहा जणांकडे दिली होती. धोरण ठरवायला जनसभा होती, आणि प्रत्येक पदाच्या शेवटी पैशाचा आणि वर्तनाचा हिशेब द्यावा लागे. या शहराच्या मोठ्या चुका मोजायला बसलं तर त्या सोडतीच्या खात्यावर पडत नाहीत. इ. स. पू. ४१५ ची सिसिलीवरची आत्मघातकी स्वारी जनसभेनं अल्किबियादीस या निवडून आलेल्या सेनापतीच्या वक्तृत्वाला भुलून मंजूर केली. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची लढाई जिंकून आलेल्या सेनापतींवर, वादळात बुडणाऱ्यांना वाचवलं नाही म्हणून, एकत्रित खटला चालवून सहा जणांना देहदंड दिला तो संतापलेल्या जनसभेनं. असा एकगठ्ठा निवाडा बेकायदेशीर आहे, मी तो मताला टाकू देणार नाही, असं त्या दिवशी कामकाज पाहणाऱ्या पन्नासांपैकी एक जण शेवटपर्यंत म्हणत राहिला. तो सोडतीनं त्या खुर्चीवर आला होता. त्याचं नाव सॉक्रेटिस. सात वर्षांनी, ३९९ मध्ये, त्यालाच मृत्युदंड देणारे पंच सोडतीनं आले होते हेही खरं, आणि तो डाग पुसण्याचा प्रयत्न मी करणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सोडतीनं मूर्खांचं राज्य येतं हा निष्कर्ष या शहराच्या नोंदींतून निघत नाही.

तिसरा आक्षेप याहून जड आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. हे सगळं चाललं होतं ते पुरुष नागरिकांत. चौथ्या शतकात त्यांची संख्या सुमारे ३०,००० होती. स्त्रिया, परके रहिवासी आणि गुलाम या वर्तुळाबाहेर होते. इ. स. पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसच्याच कायद्यानं, आई आणि बाप दोघंही अथेनियन असतील तरच नागरिकत्व, अशी कुंपणाची उंची वाढवली. लौरिओनच्या चांदीच्या खाणींत गुलाम खपत होते आणि अंकित शहरांची खंडणी खजिन्यात पडत होती. त्या पैशावरच भत्ते आणि सोडती चालल्या, असं म्हणणारे निम्मे बरोबर आहेत. साम्राज्य ४०४ मध्ये बुडालं, तरी लोकशाही आणि सोडत पुढे ऐंशी वर्षं टिकली, इतकंच काय पण जनसभेला येण्याचा भत्ता साम्राज्य गेल्यावरच सुरू झाला. गुलामगिरी मात्र तेव्हाही होती. सोडत वर्तुळाच्या आत सत्ता कशी फिरवायची ते सांगते. वर्तुळ कोणाभोवती काढायचं याबद्दल ती काहीच बोलत नाही. हेच दुसरीकडेही दिसतं. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूर इथे परांतक चोळाच्या काळातले, इ. स. ९१९ आणि ९२१ चे शिलालेख आहेत. गावाचे तीस भाग, प्रत्येक भागातून ताडपत्रावर नावं, ती एका घागरीत टाकून लहान मुलाच्या हातून काढलेली चिठ्ठी. गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेला बाद. ज्यानं पूर्वीचा हिशेब दिला नाही तो बाद, आणि त्याचे नातेवाईकही बाद. सोडत, फेरपालट, हिशेब, तिन्ही इथे हजर आहेत, आणि अथेन्सचा वारा तिथे पोचल्याचा काहीही पुरावा नाही. पण उमेदवाराला स्वतःची करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरचं घर आणि वेदांचं ज्ञान लागे. ते ब्राह्मणांना दान दिलेलं गाव होतं. वैशालीच्या लिच्छवींचं गणराज्य याहून कितीतरी जुनं, पण तिथले ७७०७ राजे जातककथा सांगतात तेही एका कुलीन वर्गातलेच.

मग सोडत गेली कुठे? राज्यं मोठी झाली, म्हणून ती अशक्य झाली, असं सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. ते पुरत नाही. लाखो लोकांतून पाचशे प्रतिनिधी चिठ्ठीनं काढणं मतदान घेण्यापेक्षा सोपं आहे. खरी गोष्ट अशी की युरोपला प्रजासत्ताकाचा वारसा मिळाला तो अथेन्सपेक्षा रोमकडून, आणि रोम हे निवडणुकांचं राज्य होतं. वरिष्ठ अधिकारी निवडणाऱ्या रोमन सभेत १९३ गट होते. त्यांतले घोडेस्वारांचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८० एकत्र आले की बहुमत झालं. गरिबांची पाळी अनेकदा यायचीच नाही. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनं राजा, उमराव आणि जनता या तिन्ही राज्यप्रकारांचं मिश्रण म्हणून या घटनेची तारीफ केली आणि ती तारीफ पुढची दोन हजार वर्षं वाचली गेली. व्हेनिसनं सोडत ठेवली, पण निवडणुकीशी गुंफून. १२६८ पासून तिथला दोजे, म्हणजे राज्यप्रमुख, सोडत आणि निवड यांच्या आलटूनपालटून फेऱ्यांनी ठरे : तीस जण चिठ्ठीनं, त्यांतून नऊ चिठ्ठीनं, त्यांनी निवडलेले चाळीस, त्यांतून बारा चिठ्ठीनं, असं करत शेवटी एक्केचाळीस जण दोजे निवडत. हास्यास्पद वाटावा असा हा द्राविडी प्राणायाम १७९७ मध्ये नेपोलियननं प्रजासत्ताक संपवेपर्यंत चालला, आणि एवढ्या काळात कोणत्याही एका घराण्याला ते पद वंशपरंपरागत करता आलं नाही. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्योनं १७४८ मध्येही लिहिलं की सोडत लोकशाहीच्या स्वभावाला धरून आहे आणि निवड कुलीनशाहीच्या. पण चाळीस वर्षांनी अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांना लोकशाही नको होती, प्रजासत्ताक हवं होतं. त्यांच्यापैकी मॅडिसननं हा फरक मुद्दाम करून दाखवला. जनतेच्या मतांना निवडक, शहाण्या माणसांच्या गाळणीतून काढणं हा त्याला प्रातिनिधिक पद्धतीचा गुण वाटत होता. शिवाय राज्याला अधिकार मिळतो तो प्रजेच्या संमतीनं, हा विचार तोपर्यंत रुजला होता, आणि चिठ्ठीतून संमती व्यक्त होत नाही. हे दुसरं कारण मला प्रामाणिक वाटतं. निवडणुकीच्या बाजूनं आजही तेच सर्वांत भक्कम आहे.

आपली राज्यव्यवस्था अ‍ॅरिस्टॉटलच्या वहीत कुठे बसते? त्याच्या मते चांगलं मिश्रण असं : मूठभरांच्या सत्तेकडून निवडणूक घ्यावी आणि लोकशाहीकडून, मालमत्तेची अट नसणं. १९५० ची भारतीय घटना प्रौढ मताधिकार आणि निवडणूक यांवर उभी आहे, म्हणजे जवळपास शब्दशः तेच मिश्रण. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात भिक्षुसंघाच्या सभानियमांची आठवण काढली, पण घटनेच्या मसुद्यात वर्तुळ मोठं करण्याचं काम केलं. अथेन्सला जे जमलं नाही ते हे. उलट, अथेन्सला जमलेलं काही आपल्याकडे मागच्या दारानं आलं. ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीतल्या राखीव जागा फिरत्या ठेवल्या, आणि महाराष्ट्रात कोणतं सरपंचपद किंवा महापौरपद कोणत्या प्रवर्गाकडे, कोणतं महिलेकडे, हे सोडतीनं ठरतं. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांपूर्वी राज्य सरकारनं सरपंचपदाची सोडत मतदानानंतर काढायचं ठरवलं. आरक्षण आधी कळलं की खोटी जातप्रमाणपत्रं आणि घोडेबाजार सुरू होतो, हे त्यामागचं कारण. अथेन्सचे पंच सकाळी का ठरत, त्याचं कारण हेच होतं. फरक पडतो तो पुढे. पद फिरतं असलं की पुन्हा निवडून यायचं म्हणून जपून वागण्याची गरज राहत नाही, अशी तक्रार पंचायतीच्या आरक्षणाबद्दल होते, आणि ती खोटी नाही. निवडणुकीच्या पद्धतीत मतदाराची भीती हीच मुख्य तपासणी असते. पद फिरवल्यावर ती जाते, आणि तिच्या जागी दुसरं काही आणावं लागतं. अथेन्सनं ते आणलं होतं. मुदत संपलेल्या अधिकाऱ्याच्या पैशाचा हिशेब सोडतीनं नेमलेले दहा तपासनीस पाहत आणि तो न्यायालयापुढे ठेवत, मग कोणीही नागरिक त्याच्यावर तक्रार करू शके. हिशेब मंजूर होईपर्यंत त्या माणसाला परदेशी जाता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, आणि स्वतःची चीजवस्तू देवाला अर्पणही करता येत नसे.